बोट कुठं दाखवतंय, बघा तरी

शेतातून आलेल्या, चुलीपुढं बसलेल्या, भाजी निवडता निवडता रेडिओ लावलेल्या सगळ्या जणींना नमस्कार. आज बचतीचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं काही सांगणार नाही. आज बोलायचं आहे ते ज्यांना अजून बोलता येत नाही त्यांच्याबद्दल, म्हणजे आपल्या मांडीवरच्या लेकरांबद्दल.

गेल्या सोमवारी आमच्या गटाची बैठक होती. पैसे मोजणं चाललं होतं. एका ताईच्या मांडीवर तिचं अकरा महिन्यांचं बाळ होतं. त्याने हात वर केला, एक बोट सरळ केलं आणि “आँ, आँ” करायला लागलं. ताईने त्याचा हात खाली घेतला. त्याने परत वर केला, आईच्या तोंडाकडं बघितलं, परत वर बोट. तिसऱ्यांदा हात खाली घेतल्यावर त्याने भोकाड पसरलं. मग ताईने पिशवीतून मोबाईल काढून हातात दिला, आणि आमचा हिशेब पुढं चालू झाला. बैठक संपल्यावर सतरंजी गोळा करताना मी सहज वर बघितलं. आढ्याच्या वाशावर चिमणीने काड्या आणून ठेवल्या होत्या, आणि ती तिथंच बसलेली होती. आम्ही बारा जणी होतो. ते लेकरू एवढा वेळ आम्हाला चिमणी दाखवत होतं, आणि बाराजणींपैकी एकीनेही मान वर केली नाही. मी पण नाही.

मला त्या रात्री झोप लागली नाही. का, ते पुढं सांगते.

आपण म्हणतो, बाळाला अजून बोलता येत नाही. खरं तर बोलणं जन्मल्या दिवसापासून चालू असतं, फक्त तोंडाने नसतं. तान्हं बाळ भूक लागल्यावर लगेच रडत नाही. आधी चुळबुळ करतं, तोंड उघडून मान इकडून तिकडं करतं, मूठ तोंडात घालतं. रडणं हे शेवटचं. आणि रडून लाल झालेलं बाळ छातीला नीट लागतही नाही, आधी शांत करावं लागतं, हे तुम्हाला मी काय सांगू. पहिल्या खुणेला उचललं तर ते सोपं जातं.

पोट भरल्याचंही तसंच. सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू झालं की बाळ चमचा बघून पुढं झुकतं, आ करतं. पोट भरलं की ओठ मिटतं, मान फिरवतं, चमचा हाताने ढकलतं. तेव्हा आपण काय करतो? एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत गाल दाबतो, नाहीतर म्हणतो दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळा. ओवाळायला माझी हरकत नाही, घरोघरी पद्धत असते. पण आधी एवढं बघा, की तो “बास” म्हणतोय का. पाच मिनिटं थांबून परत विचारावं. तेव्हाही मान फिरवली तर वाटीतलं राहू द्यावं. एका वेळचं कमी खाल्लं तर चालतं. रोजच कमी खात असेल, वजन वाढत नसेल, तर मात्र अंगणवाडीत दाखवायचं.

आठव्या-नवव्या महिन्यात दोन्ही हात वर करून “घे” म्हणायला लागतात. मग टाटा, टाळी, देवापुढं हात जोडणं, नको म्हणून मान हलवणं. आपल्याकडं तर किती प्रकार आहेत! खाऊ संपला की दोन्ही तळवे फिरवून “नाही नाही” करायचं. बाहेर जायचं असलं की पदर ओढायचा, नाहीतर कुणाचीही एक चप्पल घेऊन दारात जाऊन बसायचं. आमच्या शेजारचं एक बाळ पाणी हवं असलं की माठाकडं न बघता आजीकडं बघून ओठ चाटायचं, कारण पाणी आजीच देते हे त्याला माहीत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याची खूण त्याने स्वतः बनवली, आणि आजीने ओळखली म्हणून ती टिकली.

या सगळ्यांत मोठी खूण म्हणजे बोट दाखवणं. साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे बाळ एक बोट वेगळं करून दाखवायला लागतं. त्यातही दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे “मला ते दे”. फळीवरच्या डब्याकडं बोट, आणि डबा हातात आला की काम झालं. दुसरी तऱ्हा म्हणजे “ते बघ”. चिमणीकडं बोट दाखवणाऱ्या त्या बाळाला चिमणी हातात नको होती. त्याला फक्त आईनेही बघावं असं वाटत होतं. म्हणून ते बोट दाखवून मागं वळून आईच्या डोळ्यांत बघत होतं, की ही बघतेय का. ही मागं वळून घेतलेली नजर फार मोलाची आहे बरं का. वासरू भूक लागली की गाईला ढुशी मारतं, पण ढग आला तर गाईला ढग दाखवत नाही. आपलं लेकरू दाखवतं.

आणि तिथंच शब्द येतो. त्याने बोट दाखवलं, आपण बघितलं आणि म्हटलं, “अगंबाई, चिमणी! चिमणी घर बांधतेय.” त्याचं लक्ष ज्या वस्तूवर आहे, नेमका त्याच क्षणी त्याच वस्तूचा शब्द त्याच्या कानावर पडतो. आपण म्हणू तेव्हा, आपण दाखवू ते शिकवण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं बसतं. अमेरिकेत शिकागो शहरात मेरेडिथ रो आणि सुसान गोल्डिन-मेडो या दोन अभ्यासक बायांनी 50 कुटुंबांत 14 महिन्यांच्या मुलांचं घरातलं रोजचं वागणं दीड दीड तास चित्रित केलं. ज्या घरांत मोठी माणसं बोलताना हातांनी खुणा जास्त करत होती, तिथली मुलंही जास्त खुणा करत होती. आणि ज्या मुलांच्या खुणा जास्त, त्यांना साडेचार वर्षांच्या वयात शब्दही जास्त येत होते. हा अभ्यास 2009 साली छापून आला. आम्हाला प्रशिक्षणात सांगितला तेव्हा मला माझी थोरली लेक आठवली. ती सव्वा वर्षाची असताना दारातल्या चपलेकडं बोट दाखवून म्हणायची, “बाबा.” चप्पल हा शब्द तिला येत नव्हता. पण तिने अर्धं वाक्य बोटाने आणि अर्धं तोंडाने असं पूर्ण केलं होतं: बाबाची चप्पल. दोन शब्द जोडून बोलण्याआधी मुलं असं एक शब्द आणि एक खूण जोडतात. तुमच्या घरी असं बाळ असेल तर आज कान देऊन ऐका.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला बाळाच्या बोटामागं फिरायला वेळ कुठंय? खुरपणीला जायचं, दूध काढायचं, पाणी भरायचं. खरं आहे. मी वेगळा वेळ काढा म्हणतच नाही. पीठ मळताना त्याने परातीकडं बोट दाखवलं तर हात न थांबवता “पीठ, पीठ हवं?” म्हणायला किती वेळ लागतो? आणि आईनेच करावं असंही नाही. दारात बसलेले आजोबा हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतात. ऊसतोडीला गेलेल्या घरांत तर कोपीत तान्ह्याला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची बहीणच असते. बाळाची प्रत्येक खूण त्या पोरीला पाठ असते. “आई, त्याला झोप नाही आली, त्याला उन्हात जायचंय,” असं ती सांगते आणि तेच खरं निघतं. त्या पोरीची शाळा बुडते याचं मला वाईट वाटतं, तो विषय आजचा नाही. पण बाळाला काय हवंय हे विचारायचं असेल तर तिलाही विचारा.

मोबाईलचं एकच सांगते. मोबाईलला बोट लावलं की पुढचं गाणं लागतं. पण तो बाळाच्या बोटाच्या दिशेने बघत नाही, आणि बाळ वळून बघेल तेव्हा त्याच्याकडं बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको. जेवण भरवताना रोज मोबाईल धरत असाल, तर आठवड्यातून एक एक वेळ कमी करत आणा. एकदम बंद केला की घरात जो गोंधळ होतो तो मी भोगलेला आहे.

आता मला झोप का लागली नाही, ते सांगते. हे रेडिओवर बोलावं की नाही याचा मी खूप विचार केला. घरच्यांना विचारलं, मुलालाही विचारलं. तो म्हणाला, सांग.

माझा दुसरा मुलगा खुणांमध्ये फार तयार होता. दहाव्या महिन्यात टाटा करायचा. अकराव्यात गोठ्याकडं बोट दाखवून माझ्याकडं बघायचा. वर्षाचा झाल्यावर मी पिशवी खांद्याला लावली की हा चप्पल घेऊन दारात हजर. मी “चल भुर्र” म्हणायची आणि तो टाळ्या वाजवायचा. “जेवायचं का?” म्हटलं की ताटलीकडं धावायचा. सगळे म्हणायचे, किती समजतं याला! मलाही अभिमान वाटायचा. फक्त शब्द येत नव्हता. पाचव्या-सहाव्या महिन्यात हुंकार, कुजबुज भरपूर होती, ती वाढायच्या ऐवजी कमी होत गेली. आत्याबाई म्हणाल्या, “याचा बाप पण तीन वर्षांनी बोलला.” तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले मुलगे उशिरा बोलतात, थांबा. आम्ही थांबलो. एका नातेवाईक बाईंनी सांगितलं, तुम्ही याच्या खुणा पुरवता म्हणून हा बोलत नाही, खुणा केल्या की द्यायचं बंद करा. ते चार दिवस करून बघितलं. लेकरू रडून रडून थकलं. त्या चार दिवसांबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तो बावीस महिन्यांचा असताना आमच्या गटाची बैठक होती. तो आमच्याकडं तोंड करून डब्याच्या झाकणांशी खेळत बसला होता. त्याच्या मागच्या बाकावरून बचतीची लोखंडी पेटी खाली फरशीवर पडली. आम्ही सगळ्या दचकलो. झोळीतलं एक झोपलेलं बाळ किंचाळून उठलं. माझ्या मुलाने झाकणावर झाकण ठेवलं. मग मान वर केली, आमचे चेहरे बघितले, आम्ही कुठं बघतोय ते बघितलं आणि तेव्हा मागं वळला. गटातल्या सगळ्यात वयस्क आजी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “पोरी, याला आवाज आला नाही गं. याने आपलं तोंड वाचलं.”

त्या रात्री मी त्याच्या पाठीमागं उभी राहून म्हटलं, “चल, भुर्र जाऊ.” पिशवी खांद्याला नव्हती. तो हलला नाही. दोनदा, तीनदा म्हटलं. मग पुढं जाऊन नुसती पिशवी उचलली, तोंडातून शब्द काढला नाही. तो उठला आणि चप्पल घेऊन आला.

मला काय दिसत होतं आणि काय नव्हतं, ते तेव्हा कळलं. तो माझे शब्द ऐकतच नव्हता. पिशवी, पदर, ताट, माझे डोळे, माझी मान वाचत होता, आणि इतकं छान वाचत होता की दोष झाकला गेला. खुणांमध्ये हुशार मूल ऐकू न येता घरात दोन वर्षं सहज काढू शकतं. आमच्या घरात तसंच झालं.

पुढं अंगणवाडी सेविका ताईंनी मार्ग दाखवला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाचा सरकारी कार्यक्रम आहे, 2013 साली आपल्याच महाराष्ट्रातल्या पालघरमधून त्याची सुरुवात झाली. त्यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतात. तिथून पुढं मुलाची बेरा नावाची तपासणी झाली. मूल झोपवून डोक्याला तारा चिकटवतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर बघतात. सुई नाही, दुखत नाही. दोन्ही कानांना मोठा दोष निघाला. दोन वर्षं दोन महिन्यांचा असताना त्याला कानाची यंत्रं बसली. तज्ज्ञ सांगतात की ऐकण्याचा दोष पहिल्या तीन महिन्यांत ओळखावा आणि सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू व्हावा. आम्हाला सव्वीस महिने लागले. यंत्रांसाठी सरकारची एडिप योजना आहे, उत्पन्नाचा दाखला लागतो. माहिती शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मिळते.

यंत्र लावल्या दिवशी मूल बोलत नाही, हेही सांगून ठेवते. आधी तर तो ते काढून फेकायचा. कुकरच्या शिट्टीला घाबरून मला बिलगायचा. त्याला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “खुणा करतो का?” मी घाबरत घाबरत म्हटलं, करतो, पण बंद करायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, “बंद करू नका. त्याच खुणांवर तर आपल्याला शब्द ठेवायचे आहेत.” आणि तसंच झालं. तो गोठ्याकडं बोट दाखवायचा, मी त्याच्या समोर बसून, माझं तोंड त्याला दिसेल असं म्हणायची, “गाय.” दिवसातून पन्नास वेळा. पाच महिन्यांनी एक दिवस बोट आणि “गा” एकदम आलं. यंत्रांचा ज्यांना पुरेसा उपयोग होत नाही, अशी मुलं हातांच्या खुणांची पूर्ण भाषा शिकतात, तीही भाषाच आहे. कुणी तिला कमी लेखू नये.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी घरी करून बघा. बाळाच्या पाठीमागं जा. त्याला सावली, हवा किंवा पायांचा हादरा कळणार नाही इतक्या अंतरावर उभ्या राहा आणि साध्या आवाजात त्याचं नाव घ्या. दुसरं, रोज ज्या गोष्टीला तुम्ही हातवारे करून बोलता, तीच एकदा हात न हलवता, त्याच्या नजरेआड राहून म्हणा. बाळ खेळात गुंग असेल तर वेगवेगळ्या वेळी चार-पाचदा करा. वाटी-चमच्याचा आवाज ऐकून वळलं म्हणजे झालं, असं समजू नका. काही मुलांना भांड्याचा दणका ऐकू येतो, पण बोलण्यातले स, श, फ असे बारीक आवाज येत नाहीत. ही काही कानाची तपासणी नव्हे. तुमच्या मनात शंका असली तर तेवढं कारण पुरे, सेविका ताईंना सांगा.

याच्या उलटही असतं. दीड वर्षाचं मूल बोट दाखवत नाही, दाखवलं तर वळून तुमच्याकडं बघत नाही, हात वर करून “घे” म्हणत नाही, किंवा आधी करत असलेला टाटा, टाळी करायचं त्याने सोडून दिलं, तर थांबू नका. कारणं वेगवेगळी असतात, स्वमग्नता हे त्यातलं एक. नाव काय ठेवायचं ते तपासणारे ठरवतील. शेजारणीने ठरवू नये आणि आपणही ठरवू नये. “आमच्याकडं सगळेच उशिरा” हे वाक्य माझ्या घरात आठ महिने चाललं.

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. काही शब्द अजून स्पष्ट येत नाहीत, पण भांडण अगदी स्पष्ट करतो. रात्री यंत्रं काढून डबीत ठेवली की तो आणि त्याची ताई अंधुक दिव्यात हातांनीच गप्पा मारतात, आणि मला काही कळू देत नाहीत.

गेल्या सोमवारची ती ताई दुसऱ्या दिवशी मला भेटली. मी तिला चिमणीचं सांगितलं. ती आधी हसली, मग डोळ्यांत पाणी आलं तिच्या. येत्या सोमवारी बैठक त्याच खोलीत आहे. हिशेब अर्धा तास उशिरा सुरू करायचा असं ठरलंय. तीन वर्षांच्या आतलं मूल असलेल्या प्रत्येकीने माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन यावं. कोणत्या महिन्यात मूल काय करतं याची चित्रं त्यात आहेत, सेविका ताई ती एकेकीला समजावून सांगणार आहेत. आजी-आजोबा आले तर आणखी बरं. चिमणीचं घरटं अजून आहे, खोली झाडताना ते काढू नका असं मी सांगून ठेवलंय.

नमस्कार.